रोजा धरून पाहिलेलं नगर

सहेरी उरकून, फजरची नमाज पढून ती घराबाहेर पडली तेव्हा श्रीरामपूर अजून जागं व्हायचं होतं. कोपऱ्यावर जीप उभी होती. आत इतिहास विषयाच्या सात मैत्रिणी आणि पुढच्या सीटवर वाट दाखवायला निवृत्त झालेले सर. आठ जणींत रोजा तिचा एकटीचाच.

श्रीरामपूरहून नगर सत्तरएक किलोमीटर. दवाखाना, कोर्ट, कलेक्टर कचेरी, कशा ना कशासाठी प्रत्येक घरातलं कोणीतरी तिथं जाऊन आलेलं असतं. कागदावर शहर आता अहिल्यानगर झालं, बोलण्यात नगरच राहिलं. पण ते निवांत पाहायला म्हणून फार थोडे जातात.

राहुरी मागे पडल्यावर शेजारणीनं पाण्याची बाटली काढली आणि तिच्याकडे बघून पुन्हा पिशवीत ठेवली. "पी गं, लपवतेस कशाला? रोजा माझाय, तुझा नाही," ती म्हणाली. सगळ्या हसल्या.

पहिला मुक्काम भुईकोट किल्ला. १४९० मध्ये मलिक अहमद निजामशहानं हे शहर वसवलं. त्याचा नातू हुसेन निजामशहानं मातीच्या कोटाच्या जागी दगडी तट उभारला. याच तटाला १५९५-९६ मध्ये मुघलांनी सुरुंग लावून खिंडार पाडलं. तेव्हा हुसेनची लेक चांदबिबी स्वतः तलवार घेऊन तिथं उभी राहिली आणि रातोरात खिंडार बुजवून घेतलं. अखेर वऱ्हाड देऊन तह झाला, किल्ला मात्र वाचला.

आज किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. ओळखपत्रं दाखवून सगळ्या आत गेल्या. ऑगस्ट १९४२ मध्ये 'चले जाव'च्या वेळी काँग्रेस कार्यकारिणीच्या नेत्यांना इथंच कोंडलं होतं. "नेहरूंनी इथं कोणतं पुस्तक लिहिलं?" सरांनी विचारलं. "डिस्कव्हरी ऑफ इंडिया," सगळ्या एका सुरात म्हणाल्या. "आणि दुसरं?" कोणी बोलेना.

मग ती हळूच म्हणाली, "गुबार-ए-खातिर. मौलाना आझादांचं."

हे पुस्तक तिनं घरी उर्दूत वाचलं होतं. ते पत्रांचं आहे. एका मित्राला लिहिलेली, पण तुरुंगातून धाडता न आलेली ही पत्रं सुटकेनंतर १९४६ मध्ये छापली गेली. आझाद पहाटे तीन-चारला उठत, स्वतःच्या हातानं चहा करत आणि लिहायला बसत. "म्हणजे तुमच्या सहेरीच्या वेळेला," शेजारीण म्हणाली. एप्रिल १९४३ मध्ये त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम कोलकात्यात वारल्या. शेवटच्या भेटीसाठीही आझादांनी इंग्रज सरकारकडे अर्ज केला नाही. हे ऐकून सगळ्या गप्प झाल्या. शाळेच्या सहलीत ती याच दारात येऊन गेली होती. तेव्हा घरातल्या भाषेतलं एक पुस्तक इथं लिहिलं गेलंय, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

किल्ल्याजवळच दमडी मशीद. १५६७-६८ च्या सुमारास साहिरखानानं बांधलेली. लहानशी, पण दगडावरची नक्षी बघत राहावी अशी. किल्ल्याच्या कामावरच्या मजुरांनी रोजच्या मजुरीतली एकेक दमडी बाजूला ठेवली आणि त्यातून ही मशीद उभी राहिली, असं नगरकर सांगतात. राजांच्या नावाच्या शहरात मजुरांच्या दमडीचं नाव टिकलं. ईदच्या नमाजेआधी गरिबासाठी फित्रा काढायचा असतो. तिनं तो दमडीशी जोडून सांगितला तेव्हा एकीनं विचारलं, "आम्ही दिला तर चालतो का?" "गरिबाला दिलेलं कोणाचंही चालतं," सर म्हणाले.

दुपारी ऊन चढलं, बोलणं कमी झालं. दर्गादायऱ्यात शाह शरीफ यांच्या दर्ग्याच्या सावलीत सगळ्या टेकल्या. मालोजीराजे भोसल्यांनी इथं नवस केला आणि मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, अशी परंपरा आहे. शिवरायांच्या वडिलांचं नाव उच्चारताना आपण कोणाची आठवण काढतो, हे त्यांतल्या बहुतेकींना आजच कळलं.

उतरत्या उन्हात पाथर्डी रस्त्यानं शाह डोंगरावर. वरच्या अष्टकोनी, तीन मजली इमारतीला सगळे 'चांदबिबीचा महाल' म्हणतात. "पण चांदबिबी इथं नाही," सरांनी सांगितलं. ही कबर सलाबतखानाची, मुर्तझा निजामशहाच्या वजिराची. चांदबिबी १६०० मध्ये किल्ल्यातच मारली गेली, तीही आपल्याच माणसांच्या हातून. लोकांनी मात्र डोंगरावरची सगळ्यात उंच इमारत तिच्या नावावर करून टाकली.

पावणेसातच्या सुमारास सगळ्या डोंगराच्या पायथ्याशी होत्या. अजान ऐकू येण्यासारखी नव्हती, म्हणून मोबाइलमधल्या वेळेवर नजर. तिच्याकडे खजूर होते. बाकीच्यांच्या पिशव्यांतून केळी, चिवडा, कलिंगडाच्या फोडी निघाल्या. सकाळची ती बाटली शेजारणीनं अर्धी राखून ठेवली होती. इफ्तार झाला, तिनं जीपमागे चादर अंथरून मगरिब पढली, तोवर कोणी निघायची घाई केली नाही.

परतीच्या वाटेवर शेजारणीनं विचारलं, "त्या पुस्तकात आणखी काय आहे गं?"

"चिमण्यांची गोष्ट आहे. आझादांच्या खोलीत चिमण्या घरटं बांधायला लागल्या. त्यांनी आधी छत्रीनं हाकललं, मग हरले आणि तांदळाचे दाणे टाकायला लागले. पण ते उर्दूत फार सुंदर आहे."

"मग मराठीत सांग ना."

राहुरी येईपर्यंत ती सांगत होती.