शिंग शाबूत, पायऱ्या पाच

१९३० च्या दशकात, महामंदीनं अमेरिकेचं कंबरडं मोडलेलं असताना, विस्कॉन्सिनमधल्या रसीन गावच्या व्हिटमन कंपनीनं भोकं पाडलेले पुठ्ठे विकायला काढले. प्रत्येक भोकाखाली एक साल आणि टांकसाळीचं अक्षर: डेन्व्हरसाठी ‘डी’, सॅन फ्रान्सिस्कोसाठी ‘एस’. खिशातल्या चिल्लरीतून नेमकं ते नाणं हुडकायचं आणि भोकात दाबून बसवायचं. नाणी जमवणं हा तोवर मुख्यतः पैसेवाल्यांचा नाद होता. या पुठ्ठ्यांनी तो शाळकरी पोरांच्या आणि गल्ल्यावर बसणाऱ्यांच्या हाती दिला. त्यातही पाच सेंटचं नाणं, म्हणजे निकेल, जमवणं सगळ्यांच्या आवाक्यातलं होतं.

तेव्हा चलनात होतं जेम्स अर्ल फ्रेझर यांनी घडवलेलं ‘बफेलो निकेल’. एका बाजूला मूळ अमेरिकी रहिवाशाचा करारी चेहरा, दुसऱ्या बाजूला पाठीला बाक असलेला बायसन. अमेरिकेच्या सगळ्या नाण्यांत इतकं देखणं नाणं क्वचितच निघालं असेल. पण १९१३ ते १९३८ या पंचवीस वर्षांत त्यातला एक दोष कधीच सुटला नाही. साल कोरलं होतं खांद्याच्या उंचवट्यावर, आणि चलनात फिरताना आधी उंचवटाच झिजतो. लाखो नाणी सालाविना उरली, आणि साल नसेल तर पुठ्ठ्यावर जागा कुठली? मग फेरिक क्लोराइडचा थेंब टाकून पुसलेलं साल वर आणण्याची युक्ती निघाली. साल दिसायचं, पण आम्लाचा डाग कायमचा राहायचा. आम्ल लावलेलं नाणं जाणकार आजही खराब झालेल्यांतच धरतात.

झीज मोजायला संग्राहकांनी बायसनचं शिंग धरलं. टोकापर्यंत सबंध दिसलं तर नाणं चांगल्या प्रतीचं, अर्धंमुर्धं दिसलं तर खालचं. नियम सोपा, पण तोही फसवतो. १९२६ साली डेन्व्हरमध्ये ५६ लाखांवर निकेल पाडले गेले आणि त्यांतल्या बहुतेकांवर ठसा नीट उमटलाच नाही. टांकसाळीतून थेट आलेल्या नाण्याचंही शिंग सपाट! इथे उपयोगी पडते ती चकाकी. झिजलेल्या जागेवरची मूळ झळाळी निघून जाते. कच्च्या ठशाच्या सपाट जागेवर मात्र ती सलग धावते. भिंगाखाली नाणं हळूहळू फिरवत हा फरक ओळखणं, हे या छंदातलं खरं कसब.

डेन्व्हरच्याच १९३७ च्या एका खेपेत ठसा इतका घासला गेला की बायसनचा पुढचा एक पाय नाहीसा झाला. हा ‘तीन पायांचा’ निकेल प्रसिद्ध झाल्यावर साध्या नाण्याचा पाय घासून काढणारेही निघाले. पण अस्सल नाण्यावर पोटाखाली बारीक उंच ठिपक्यांची ओळ असते, आणि ती घासून येत नाही.

दुर्मिळतेचा मोठा धडा दिला तो पुढच्या नाण्यानं. १९३८ पासून निकेलवर माजी राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन आणि त्यांचा माँटिचेलो वाडा आला. १९५० मध्ये डेन्व्हरनं जेमतेम २६ लाख ३० हजार निकेल पाडले. जेफरसन निकेलांत आधी कधीच इतके थोडे निघाले नव्हते. बातमी फुटताच लोकांनी चाळीस-चाळीस नाण्यांचे रोल, पिशव्याच्या पिशव्या घरात साठवल्या. भाव चढत गेला. १९६४ च्या सुमारास एका रोलला बाराशे डॉलर, म्हणजे नाण्याला तीस डॉलर पडू लागले. मग फुगा फुटला, कारण नाणी होतीच, आणि तीही कोरी करकरीत. आज साधारण प्रतीचं न वापरलेलं १९५०-डी त्या भावाच्या निम्म्याच्या आसपास मिळतं. याउलट १९२६ साली सॅन फ्रान्सिस्कोनं पाडलेले ९ लाख ७० हजार बफेलो निकेल त्या वेळी फारसे कुणी बाजूला ठेवले नाहीत. बहुतेक सगळे हातोहात फिरले, झिजले. त्यामुळे १९२६-एस कोऱ्या अवस्थेत दिसलं की लिलावात बोली हजारोंत जाते. किती पाडले हे टांकसाळीच्या वहीत असतं. किती उरले आणि कसे उरले, हे नाणी पाहूनच कळतं.

‘कसे उरले’ याला आकडा मिळायला वेळ लागला. विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये जुन्या तांब्याच्या सेंटसाठी १ ते ७० अशी मोजपट्टी सुचवली होती. १९७० च्या दशकात ती इतर नाण्यांनाही लागू झाली. १९८६ मध्ये पीसीजीएस आणि पुढच्याच वर्षी एनजीसी ही नाणी पारखणारी कंपनी सुरू झाली; दोघींचं काम एकच. नाणं तपासायचं, प्रत ठरवायची, प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद करायचं. माँटिचेलोच्या पायऱ्या मोजणं त्याच सुमारास जोरात आलं. पाच किंवा सहा पायऱ्या अखंड उमटलेल्या असतील तरच ‘फुल स्टेप्स’चा शेरा. १९६१ मध्ये डेन्व्हरनं जवळजवळ २३ कोटी निकेल पाडले. त्यांत पूर्ण पायऱ्यांचं नाणं सापडणं महाकठीण आहे.

पारखीची सर्वांत कडक परीक्षा झाली ती १९१३ च्या ‘लिबर्टी’ निकेलवर. बफेलो सुरू झाला त्या वर्षी जुन्या छापाची नाणी निघायलाच नको होती. तरी पाच आहेत. १९२० मध्ये सॅम्युअल ब्राउन या टांकसाळीच्या माजी कर्मचाऱ्यानं ती नाणेसंग्राहकांच्या शिकागोतल्या अधिवेशनात जाहीरपणे दाखवली. त्यांतलं एक जॉर्ज वॉल्टन यांच्याकडे होतं. १९६२ मध्ये ते मोटार अपघातात गेले. नंतर तज्ज्ञांनी नाणं पाहिलं, साल बदललेलं बनावट ठरवलं आणि कुटुंबाला परत केलं. चाळीस वर्षं ते बहिणीच्या कपाटात पडून राहिलं. जुलै २००३ मध्ये बाल्टिमोरला सहा जाणकारांनी ते इतर चार नाण्यांशेजारी ठेवून तपासलं आणि एकमतानं अस्सल ठरवलं. २०१३ मध्ये ते ३१ लाख ७२ हजार ५०० डॉलरना विकलं गेलं. डबीवरची प्रत होती ६३. त्याचं भावंड, एलियासबर्ग संग्रहातलं ६६ प्रतीचं नाणं, २०१८ मध्ये ४५ लाख ६० हजार डॉलरला गेलं.