तान्ह्या बाळाचे पोहणे: एक जुना प्रयोग आणि एक नवी हौस

उन्हाळ्यात धुळ्याचा पारा ४४ अंशांच्या आसपास पोहोचला की पांझरेपलीकडच्या देवपुरात शाळकरी मुलांच्या पोहण्याच्या वर्गांबरोबर घरातल्या तान्ह्याचाही विषय निघू लागतो, कारण पाण्याखाली डोळे उघडे ठेवून हातपाय मारणाऱ्या अवघ्या काही महिन्यांच्या बाळांच्या चित्रफिती आता प्रत्येकाच्या मोबाइलवर आहेत. खानदेशात पोहणे शिकण्याची जुनी रीत विहिरीची. सात-आठ वर्षांच्या पोराच्या पाठीला रिकामा डबा आणि कमरेला दोर बांधून त्याला पाण्यात सोडले जाई, आणि तान्ह्या बाळाचा विचार त्यात कोणाच्या मनातही येत नसे. म्हणून बाळाला तलावात केव्हा न्यावे हा प्रश्न इथे नवा वाटतो. शास्त्राला मात्र तो जवळजवळ नव्वद वर्षांपासून परिचित आहे.

मर्टल मॅकग्रॉ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्त्रीने न्यूयॉर्कमध्ये ४२ बाळांना पाण्यात धरून त्यांच्या हालचालींची ४४५ निरीक्षणे नोंदविली आणि ती १९३९ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांतील सर्वांत लहान बाळ अवघे ११ दिवसांचे होते. नवजात बाळ पाण्यात पालथे धरले असता श्वास रोखते व हातपाय तालात हलविते, ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे, म्हणजे मेंदूने विचारपूर्वक आज्ञा न देता आपोआप घडणारी क्रिया आहे, असे तिला दिसले. सुमारे चार महिन्यांनंतर हा ताल विस्कटतो, बाळ उताणे होऊ पाहते, हाताशी येईल ते घट्ट धरते, पाणी गिळते व खोकते. हेतुपूर्वक हालचाल त्यानंतर बरीच उशिरा येते. चित्रफितीत जे पोहणे म्हणून दाखविले जाते ते बहुतेक वेळा यांतील पहिल्या अवस्थेचे असते, आणि ज्या बाळाला श्वास घेण्यासाठी डोके पाण्याबाहेर काढता येत नाही ते पोहते असे म्हणणे धाडसाचे आहे.

मॅकग्रॉच्या वाट्याला आलेली उपेक्षा येथे नोंदविण्याजोगी आहे. जॉनी आणि जिमी या जुळ्यांपैकी जॉनीला तिने पहिल्या वर्षापासून पोहणे, चढावर चढणे, चाकांच्या बुटांवर धावणे यांचा सराव दिला, तर जिमीला त्यापासून दूर ठेवले. वृत्तपत्रांनी आधी जॉनीला असामान्य बालक ठरविले आणि पुढे जिमीनेही बरेच काही आत्मसात केल्याचे दिसताच प्रयोग फसल्याचा गाजावाजा केला. तिचे म्हणणे याहून सूक्ष्म होते: प्रत्येक कौशल्यासाठी सरावाचा योग्य काळ निराळा असतो. तिच्या १९३५ च्या ग्रंथाला तत्त्वज्ञ जॉन ड्युई यांची प्रस्तावना लाभली असतानाही पाठ्यपुस्तकांनी तिला ‘वाढ आपोआप होते’ असे मानणाऱ्या अर्नोल्ड गेझेल यांच्या रांगेत बसवून टाकले, हे अन्यायाचेच झाले. तिच्या काही स्पष्टीकरणांना पुढे आव्हानही मिळाले. नवजात बाळ उभे धरले असता जी पावले टाकते ती पुढे नाहीशी होतात, याचे कारण मॅकग्रॉने मेंदूच्या वाढीत शोधले होते. एस्थर थेलेन आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये बाळांना कोमट पाण्यात उभे धरले तेव्हा पावले वाढली आणि पायांना वजन जोडले तेव्हा ती घटली, म्हणजे जड होत जाणाऱ्या पायांचाही त्यात वाटा होता.

प्रत्यक्ष निर्णयात मात्र कौशल्यापेक्षा उष्णतेला अधिक महत्त्व आहे. वाटीतले वरण पातेल्यातल्या वरणापेक्षा लवकर निवते, त्याच न्यायाने आकारमानाच्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ अधिक असलेले बाळ प्रौढापेक्षा लवकर गार पडते. शिवाय लहान बाळाला कुडकुडून ऊब निर्माण करणे फारसे जमत नाही आणि त्याचे शरीर मुख्यतः तपकिरी मेद, म्हणजे उष्णता निर्माण करणारी विशेष चरबी, जाळून ऊब राखते. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते, त्यामुळे बाहेर ऊन भाजत असले तरी ३७ अंशांखालचे पाणी बाळाची ऊब काढून घेतच राहते. बाळांसाठी साधारण ३२ अंशांचे पाणी सुचविले जाते, तर मोठ्यांच्या सरावाचे तलाव बहुधा २६ ते २८ अंशांचे असतात. पाटावर पाय लांब करून बसलेली, बाळाला पायांवर पालथे घेऊन कोपराने पाण्याची ऊन-गार पारख करणारी मालीशवाली हे शास्त्र जाणून असते; तलावावर ती पारख कोणी करीत नाही.

मानेचा तोल सावरू लागणे ही दुसरी अट. पोहण्याच्या वर्गात बाळाने पोटभर पाणी गिळल्याने रक्तातील सोडियम घटून झटके आल्याच्या नोंदी १९८० च्या दशकात झाल्या, म्हणून बाळाला बुडविण्याचा हट्ट धरू नये, हे ओघाने आलेच. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा लसीकरणासाठी थांबण्याची गरज नसल्याचे सांगते, परंतु तो सल्ला स्वच्छ राखलेल्या तलावांसाठी आहे. विहीर, डोह किंवा पांझरेचे पाणी त्यात येत नाही.

‘आतापासून शिकविले तर बुडण्याची भीती नाही’ ही जाहिरात मात्र तपासून घ्यावी लागते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची अकादमी २००० मध्ये चार वर्षांपूर्वी शिकवणी नको म्हणत होती, तिने २०१० मध्ये ही भूमिका शिथिल केली आणि २०१९ मध्ये एक वर्षानंतरच्या शिकवणीला अनुकूलता दर्शविली. एक वर्षाच्या आतील बाळांना अशा शिकवणीने बुडण्यापासून संरक्षण मिळते याचा पुरावा मात्र तिला आढळलेला नाही. तेव्हा सहा महिन्यांच्या सुमारास, कोमट पाण्यात, आईवडिलांच्या हातांत, दहा-पंधरा मिनिटे खेळण्यासाठी न्यायला हरकत नाही; शिकविण्यासाठी नेण्याची घाई नको.

आणि धुळ्यासारख्या शहरात, जिथे नळाला काही दिवसांच्या अंतराने पाणी येते आणि घरोघरी ते हौद, पिंप व बादल्यांत साठविले जाते, तिथे रांगत्या बाळाला तलावापेक्षा न्हाणीघरातल्या अर्ध्या भरलेल्या बादलीचा धोका अधिक जवळचा आहे. लहान मुलांच्या डोक्याचे वजन शरीराच्या मानाने जास्त असल्याने बादलीत वाकलेले मूल उलटे पडते आणि त्याला परत उठता येत नाही. त्यासाठी वीतभर पाणीही पुरते. पिंपाला घट्ट झाकण आणि न्हाणीघराच्या दाराला वरची कडी ही कामे बाळ रांगू लागण्याच्या आत, म्हणजे तलावाची चौकशी करण्याच्याही आधी, उरकून घ्यावी लागतात.