ट्रॅक्टरच्या रेडिएटरची सफाई आणि योग्य कुलंटची निवड

हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यातील डोंगरकडा परिसरात पाणी गोठेल अशी थंडी कधी पडत नाही. तेव्हा ‘गोठणरोधक’ म्हणून विकला जाणारा महाग द्रव ट्रॅक्टरच्या रेडिएटरमध्ये कशासाठी ओतावयाचा, असा प्रश्न तेथील शेतकऱ्याने विचारल्यास तो गैर म्हणता येणार नाही. त्याचे उत्तर थंडीत नाही. ते बोअरच्या पाण्यात आणि उन्हाळ्याच्या नांगरटीत आहे.

या भागात केळी, ऊस आणि हळद ही प्रमुख पिके होत. ठिबक सिंचन वापरणाऱ्या बागायतदारास जड पाण्याचा अनुभव नवा नाही. ड्रिपरची छिद्रे पांढऱ्या क्षाराने बुजतात आणि ती मोकळी करण्यासाठी नळ्यांतून आम्ल सोडावे लागते. अंघोळीच्या बंबातही तोच क्षार थरावर थर चढतो. तरीही तेच पाणी बादलीने रेडिएटरमध्ये ओतताना मात्र कोणास शंका येत नाही. पाणी तापले की त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार वेगळे होऊन सर्वांत गरम भागावर, म्हणजे लायनर व हेडभोवतीच्या पोकळीत, जाऊन बसतात. हा थर ओतीव लोखंडाच्या मानाने कित्येक पटींनी कमी उष्णता वाहून नेतो. बाहेर पाणी खेळत असूनही आतील धातू तापतच राहतो. पुढे हेड वाकणे, गॅस्केट जाणे आणि शेवटी पिस्टन जाम होणे या गोष्टी क्रमाने घडतात; आणि त्या नेमक्या नांगरटीच्या किंवा ऊस वाहतुकीच्या घाईतच घडतात, कारण इंजिनावर सर्वाधिक भार तेव्हाच असतो.

कुलंट काय करते?

बहुतेक कुलंटचा मुख्य घटक इथिलीन ग्लायकॉल हा होय. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ वुर्त्झ याने तो १८५६ च्या सुमारास प्रथम तयार केला. थंड देशांत त्याचा उपयोग पाणी गोठू नये म्हणून होतो. निम्मे ग्लायकॉल व निम्मे पाणी हे मिश्रण सुमारे उणे ३७ अंश सेल्सिअसपर्यंत गोठत नाही. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. हेच मिश्रण उघड्या भांड्यात १०० ऐवजी सुमारे १०७ अंशांवर उकळते आणि रेडिएटरच्या दाबाच्या झाकणामुळे हा अंक आणखी वर जातो.

याहूनही मोलाची असतात ती कुलंटमध्ये मिसळलेली गंजरोधक द्रव्ये. डिझेल इंजिनात लायनरच्या कंपनामुळे त्याच्या बाहेरील पाण्यात सूक्ष्म बुडबुडे निर्माण होतात व फुटतात. त्यांच्या माऱ्याने लायनरला बारीक खड्डे पडून अखेर आरपार छिद्र होते. गंजरोधक द्रव्ये धातूवर संरक्षक पापुद्रा धरून हे नुकसान रोखतात. साध्या पाण्यात हा गुण नाही.

सफाईची रीत

इंजिन पूर्ण थंड झाल्याखेरीज झाकण उघडू नये. आत दाबाखाली असलेले पाणी उसळून चेहरा व हात भाजतात. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून खाली घमेले ठेवावे. रेडिएटरची तोटी व इंजिनाच्या ब्लॉकवरील निचरा-बूच ही दोन्ही उघडावीत. केवळ तोटी उघडल्यास ब्लॉकमधील घाण तशीच राहते.

बाहेर येणारे पाणी नीट पाहावे. तांबूस पाणी गंज दर्शविते. पांढरे कण क्षार दर्शवितात. तेलाचा तवंग दिसल्यास गॅस्केट किंवा ऑइल कूलर तपासण्यासाठी मिस्त्रीस बोलवावे; नुसत्या सफाईने तो दोष जाणार नाही.

नंतर तोटी व बूच बंद करून स्वच्छ, हलके पाणी भरावे. इंजिन गरम होऊन थर्मोस्टॅट उघडेपर्यंत व त्यानंतर सुमारे दहा मिनिटे चालवावे. मग बंद करून थंड होऊ द्यावे आणि पाणी सोडावे. निवळ पाणी येईपर्यंत ही क्रिया पुन्हा करावी. तापलेल्या इंजिनात गार पाणी कधीही ओतू नये; त्याने हेडला तडा जातो. क्षार फार साचला असल्यास ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत मान्य केलेले सफाईचे द्रव्य तीत दिलेल्या प्रमाणात वापरावे. ठिबकसाठी आणलेले आम्ल किंवा संडास साफ करण्याचे आम्ल रेडिएटरमध्ये मुळीच घालू नये. ते क्षाराबरोबर ॲल्युमिनियमही खाते.

रेडिएटरच्या बाहेरील जाळीकडेही लक्ष द्यावे. मळणीच्या वेळी उडणारा भुसा आणि उसाचे पाचट तिच्यात अडकून हवा अडते. इंजिनाच्या बाजूकडून बाहेरच्या बाजूस हलक्या दाबाने हवा किंवा पाणी मारून ती साफ करावी. जोराच्या फवाऱ्याने पात्या वाकतात. होज पाइप, क्लिपा, पंख्याचा पट्टा व झाकणाचे रबर याच वेळी तपासावे. ट्रॅक्टर तापतो म्हणून थर्मोस्टॅट कायमचा काढून टाकण्याची रीत सोडून द्यावी. त्यामुळे इंजिन योग्य उष्णतेस येत नाही, डिझेल अधिक लागते व झीज वाढते.

कुलंटची निवड व भरणी

कुलंटच्या रंगावर विसंबू नये. हिरवा, निळा, तांबडा हे रंग उत्पादकाच्या पसंतीचे असतात. ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत कोणता प्रकार सांगितला आहे ते पाहावे आणि डब्यावर आयएस ५७५९ या भारतीय मानकाचा उल्लेख आहे काय ते वाचावे. जुन्या पद्धतीच्या, सिलिकेट व फॉस्फेटयुक्त कुलंटचे आयुष्य साधारणपणे दोन वर्षे असते. सेंद्रिय आम्लांवर आधारलेले नवे प्रकार पाच वर्षांपर्यंत टिकतात. हे दोन प्रकार एकमेकांत मिसळू नयेत. तसे केल्याने गंजरोधक गुण घटतो व कधी कधी गाळ धरतो.

तयार मिश्रण व दाट कुलंट यांतील भेद डबा घेतानाच विचारावा. तयार मिश्रणात पाणी घालावयाचे नसते. दाट कुलंटमध्ये पुस्तिकेत निराळे सांगितले नसल्यास बॅटरीसाठी मिळणारे ऊर्ध्वपातित पाणी निम्मे घालावे. कुलंट जितके अधिक तितके चांगले, ही समजूत चुकीची आहे; ग्लायकॉल पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेतो.

सफाईनंतर ब्लॉकच्या कोपऱ्यांत थोडे पाणी उरतेच. म्हणून एकूण क्षमता १० लिटर असल्यास प्रथम ५ लिटर दाट कुलंट ओतावे व मगच उरलेली जागा ऊर्ध्वपातित पाण्याने भरावी. म्हणजे प्रमाण बिघडत नाही. द्रव सावकाश भरावा, इंजिन मंद गतीवर चालवून आत अडकलेली हवा जाऊ द्यावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन थंड असताना, पातळी पुन्हा पाहावी.

विषाबद्दल सावधगिरी

इथिलीन ग्लायकॉल चवीस गोड आहे आणि जहाल विष आहे. सांडलेला द्रव कुत्रे, मांजर किंवा गुरे चाटतात व दगावतात. लहान मुलाच्या पोटात अल्प प्रमाणात गेला तरी मूत्रपिंडे निकामी होऊन जीव जाऊ शकतो. अशा वेळी घरगुती उपायात वेळ न दवडता डबा बरोबर घेऊन तत्काळ रुग्णालय गाठावे. काढलेला द्रव नाल्यात, विहिरीजवळ किंवा गोठ्यालगत ओतू नये. झाकणाच्या डब्यात भरून, त्यावर ‘विष’ असे लिहून तो कार्यशाळेत विल्हेवाटीसाठी द्यावा. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत तो कधीही ठेवू नये.

कार्यकर्त्यांसाठी

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी उन्हाळी नांगरटीपूर्वी गावातील एखादा ट्रॅक्टर घेऊन या सफाईचे प्रात्यक्षिक करून दाखवावे. निघालेले तांबूस पाणी काचेच्या भांड्यात ठेवून सर्वांना दाखविले, म्हणजे जे व्याख्यानाने पटत नाही ते डोळ्यांनी पटते. सफाईची तारीख व कुलंटचा प्रकार रंगाने बॉनेटच्या आतील बाजूस लिहून ठेवण्याची सवय ट्रॅक्टरमालकांस लावावी. म्हणजे चालक किंवा मिस्त्री बदलला तरी चुकीचे कुलंट आत जाणार नाही. विहीर वा बोअरच्या पाण्याचा जडपणा जाणून घ्यावयाचा असल्यास याच तालुक्यातील तोंडापूर येथील कृषी विज्ञान केंद्राकडे चौकशी करावी. कुलंटच्या एका डब्याचा खर्च इंजिन उघडण्याच्या खर्चापुढे अल्प आहे. आणि ऐन हंगामात ट्रॅक्टर उभा राहिल्याने वाया जाणारे दिवस तर कोणत्याही पैशाने परत मिळत नाहीत.