नव्वद किलोमीटरांची धाव

धुळ्याहून निघालेली एस. टी. ची गाडी मुकटी, पारोळा, एरंडोल ही गावे मागे टाकीत जळगावास पोहोचते, तेव्हा प्रवाशाने सुमारे नव्वद किलोमीटरांची, जुन्या मापाने छप्पन मैलांची, वाट सरलेली असते. गाडीत बसूनही हा प्रवास कित्येकांस कंटाळवाणा वाटतो. एवढेच अंतर सूर्योदयापूर्वी निघून दिवस मावळण्याच्या आत आपल्या पायांनी धावत पुरे करावे, आणि तेही पोटासाठी किंवा पैजेखातर नव्हे तर निव्वळ हौसेने, असे कोणी म्हटले तर ऐकणारा प्रथम हसेल व मग बोलणाऱ्याच्या प्रकृतीची चौकशी करील. तथापि जगात दरवर्षी हजारो माणसे नेमके हेच करीत असतात. आणि त्यांतील बहुसंख्य पहिलवान वा शिपाईगडी नसून कारकून, शिक्षक, डॉक्टर, दुकानदार, गृहिणी अशी चारचौघांसारखी माणसे असतात.

मॅरेथॉन हा शब्द आता घरोघरी माहीत झाला आहे. तिचे आजचे अंतर ४२.१९५ किलोमीटर, ते प्रथम १९०८ सालच्या लंडन ऑलिंपिकमध्ये धावले गेले आणि १९२१ साली कायमचे ठरले. मधल्या काळात ते कमीअधिक होई. १९२० साली अँटवर्प येथे ते पावणेत्रेचाळीस किलोमीटरांच्या घरात होते, आणि त्या शर्यतीत बेळगावचे फडेप्पा चौगुले यांनी एकोणिसावा क्रमांक मिळविला होता. चौगुल्यांसारख्या धावपटूंना तेथवर नेण्यास कारण झाली ती पुण्याच्या डेक्कन जिमखान्याची मैदाने. दोराबजी टाटा यांनी तेथे अनवाणी धावणारे शेतकरी पाहिले, आणि त्यांच्या वेळा युरोपातील धावपटूंच्या वेळांशी ताडून पाहता त्यांना आश्चर्य वाटले. मॅरेथॉनहून लांब अशी कोणतीही शर्यत म्हणजे अल्ट्रामॅरेथॉन. ती पन्नास किलोमीटरांची असेल, शंभरांची असेल, किंवा अंतर न ठरवता चोवीस तासांत कोण किती धावतो हे पाहणारी असेल. गंमत अशी की, ज्या ग्रीक जासुदाच्या नावाने मॅरेथॉन चालते, तो हेरोडोटसच्या वृत्तान्तात मॅरेथॉनहून अथेन्सला धावतच नाही. तो मदत मागण्यासाठी अथेन्सहून स्पार्टास जातो, आणि ते अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर भरते. हे एका माणसास शक्य आहे काय, हे पाहण्यासाठी १९८२ साली जॉन फोडेन हा ब्रिटिश हवाई दलातील अधिकारी सहकाऱ्यांसह त्या वाटेने धावला. आणि पुढच्याच वर्षापासून तेथे स्पार्टाथलॉन ही शर्यत सुरू झाली.

धुळे-जळगाव या अंतराशी जवळजवळ तंतोतंत जुळणारी शर्यत मात्र दक्षिण आफ्रिकेत आहे. दर्बान व पीटरमारित्झबर्ग या दोन शहरांमधील या शर्यतीचे नाव कॉम्रेड्स. पीटरमारित्झबर्गचे रेल्वे स्थानक भारतीय वाचकास वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. १८९३ साली तेथेच गांधींना गाडीच्या डब्यातून उतरविण्यात आले. व्हिक क्लॅपहॅम नावाचा एक इंजिन-ड्रायव्हर पहिल्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेच्या उन्हातून शेकडो मैल चालला होता. सोबत चालून मरण पावलेल्या सोबत्यांचे स्मारक दगडाचे नसावे, त्यांनी सोसलेल्या कष्टांचे असावे, ही त्याची कल्पना. माजी सैनिकांच्या संघाने ती प्रथम वेडगळ म्हणून परत केली. अखेर परवानगी मिळाली, आणि २४ मे १९२१ रोजी चौतीस माणसे दर्बानच्या दिशेने धावत सुटली. सोळा पोहोचली. पहिला आलेला बिल रोवन हा शेतकरी होता व त्यास आठ तास एकोणसाठ मिनिटे लागली. १९२३ साली फ्रान्सिस हेवर्ड या स्त्रीने अर्ज नाकारला गेला असताही हे अंतर पुरे केले. परंतु स्त्रियांना आणि कृष्णवर्णीयांना अधिकृत प्रवेश मिळण्यास १९७५ साल उजाडावे लागले. ज्या शर्यतीचे नावच सोबती असे आहे तिला आपले सोबती ओळखण्यास चोपन्न वर्षे लागली, हे नमूद केलेले बरे. अलीकडे या शर्यतीस येणाऱ्या परदेशी पथकांत भारताचे पथक मोठ्या पथकांपैकी एक असते, आणि त्यांत महाराष्ट्रातील शहरांतून गेलेले हौशी धावपटू पुष्कळ असतात.

खानदेशास लांब वाटेचे भय मुळातच कमी. चैत्रात रामनवमी झाली की धुळे, जळगाव, नंदुरबारकडील पदयात्रींचे जथे वणीच्या सप्तशृंग गडाची वाट धरतात. धुळ्याहून ती वाट शंभर किलोमीटरांहून अधिक, आणि ऊन असे की डांबर मऊ व्हावे. मुक्ताईची पालखी तर मुक्ताईनगराहून पंढरपुरास सहाशे किलोमीटरांहून अधिक चालून जाते. हे चालणे आहे, धावणे नव्हे, ही गोष्ट खरी. परंतु अनुभवी पदयात्री ज्या गोष्टी न शिकविता पाळतो, म्हणजे उन्हाच्या आधी वाट कापणे, तहानेपेक्षा अधिक न पिणे, पायाला फोड येण्याआधीच वहाण सारखी करणे, आणि शेजारच्याच्या चालीने न चालता आपल्याच चालीने चालणे, त्याच गोष्टी दीर्घ धावेत निर्णायक ठरतात.

प्रथम वेगाचाच हिशेब पाहू गेल्यास नवखा माणूस चकित होतो. नव्वद किलोमीटरांस बारा तासांची मुदत, म्हणजे प्रत्येक किलोमीटरास आठ मिनिटे. झपझप चालणारा माणूस एक किलोमीटर दहा मिनिटांत चालतो. तेव्हा या धावेतील वेग फारसा नसतोच. कठीण असते ते हा संथ वेग पहिल्या तीन तासांत सांभाळणे. पहाट गार असते, पाय ताजे असतात, भोवती हजारो लोक असतात, आणि प्रत्येक पाऊल हवे त्याहून जलद पडते. धुळ्याच्या कल्पित धावेत पारोळ्यापर्यंत उड्या मारीत गेलेला मनुष्य बहुधा एरंडोलास रस्त्याच्या कडेला बसलेला आढळेल. म्हणून जाणते हौशी धावपटू पहिल्या किलोमीटरापासूनच नऊ मिनिटे धाव व एक मिनिट चाल असा क्रम धरतात, आणि चढ आला की लाज न धरता चालतात.

याचे कारण शरीराच्या जमाखर्चात आहे. सपाट रस्त्यावर धावताना शरीराच्या प्रत्येक किलोग्रॅम वजनामागे दर किलोमीटरास सुमारे एक किलोकॅलरी खर्च होते. साठ किलोच्या माणसाचा नव्वद किलोमीटरांचा खर्च येणेप्रमाणे ५,४०० किलोकॅलरींच्या आसपास जातो. यकृत व स्नायू यांत साठविलेली शर्करा, जिला ग्लायकोजेन म्हणतात, ती फार तर दोन हजारांची बेगमी करते. चरबीचा साठा मात्र सडपातळ माणसाजवळही हजारो किलोकॅलरींचा असतो. पण त्या कोठीचे दार अरुंद आहे. धाव संथ असली तर चरबी पुरेशा प्रमाणात जळते. वेग वाढला की शरीर रोकड, म्हणजे शर्करा, मागू लागते, आणि ती संपली की पाय एकाएकी शिशाचे होतात. सवय असलेल्या आतड्यास तासाला सुमारे साठ ग्रॅम शर्करा पचविता येते. एका मध्यम केळ्यात ती पंचवीस ग्रॅमच्या जवळपास असते. ज्या जळगावच्या केळ्यास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते केळे धावपटूच्या हाती शोभून दिसते खरे. परंतु बारा तासांच्या हिशेबाने दोन डझनांहून अधिक केळी खाणे कोणाच्याही पोटास मानवणार नाही. म्हणून साखरेचे पाणी, गूळ, मीठ लावलेला उकडलेला बटाटा असा पालट करावा लागतो. आणि जे खावयाचे त्याची सवय पोटास आधी महिनोन् महिने लावावी लागते. शर्यतीच्या दिवशी प्रथमच खाल्लेला पदार्थ अमृत असला तरी बाधतो.

पाण्याचा विषय याहून नाजूक आहे, आणि येथेच जिवाशी गाठ असते. शरीरातून घाम जातो तेव्हा पाणी जितके पोटात घालता येईल तितके घालावे, असा उपदेश पूर्वी सर्रास केला जाई. १९८१ सालच्या कॉम्रेड्स शर्यतीत एक धावणारी स्त्री वाटेत भ्रमिष्ट होऊन कोसळली. ती पाण्यावाचून कोसळली नव्हती. पाण्याच्या अतिरेकाने कोसळली होती. रक्तातील सोडियम, जे लिटरमागे १३५ ते १४५ मिलिमोल असावे लागते, ते पातळ होऊन फार खाली गेले होते. अशा रोग्यांची पाहणी करून टिमोथी नोक्स या दक्षिण आफ्रिकी डॉक्टरांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली आपला निबंध प्रसिद्ध केला. तरीही जुना उपदेश पुष्कळ वर्षे चालू राहिला. आणि २००२ साली बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये एका तरुण स्त्रीचा याच विकाराने अंत झाला.

असे होते कसे? दीर्घ श्रमांत मेंदूकडून असा संप्रेरक-रस सुटतो की मूत्रपिंडे पाणी धरून ठेवतात. वरून पाणी ओतत गेल्यास ते बाहेर पडत नाही, रक्त पातळ होते, आणि पाणी पेशींत शिरून मेंदूस सूज येते. डोके दुखते, उलट्या होतात, बोटे फुगून अंगठी रुतू लागते, मनुष्य असंबद्ध बोलू लागतो. भोवतालच्या भाबड्या माणसांस वाटते, याला ऊन लागले, पाणी पाजा. आणि त्या पाण्याने तो अधिकच बिघडतो. वास्तविक धावेच्या शेवटी वजन थोडे घटलेले असावयास हवे. ते वाढलेले आढळले तर पाणी अति झाले याची ती जवळजवळ खातरीची खूण होय. अशा माणसास इस्पितळात तीव्र मिठाचे द्रावण शिरेवाटे द्यावे लागते. मिठाच्या नुसत्या गोळ्या घेऊन हा धोका टळत नाही, हेही ध्यानात असावे. नियम साधा आहे, तहान लागली की प्यावे, नाही तेव्हा पिऊ नये. दुसरी एक चूक वेदनाशामक गोळ्यांची. आयबुप्रोफेनसारखी औषधे धावताना घेतल्यास, स्नायूंच्या झिजेने आधीच शिणलेल्या मूत्रपिंडांवर आणखी ओझे पडते.

खानदेशातील धावपटूची खरी परीक्षा येथून पुढे. कॉम्रेड्स बहुधा जूनमध्ये, म्हणजे तेथील हिवाळ्यात, होते. तेव्हा तयारीचे सर्वांत जड आठवडे एप्रिल व मे या महिन्यांत येतात, ज्या काळात धुळ्याचा पारा चाळिसाच्या वर सहज जातो. पहाटे चारला उठून सहाच्या सुमारास परतणे एवढाच मार्ग उरतो. परंतु या उन्हाचा एक उपकारही आहे. दहा ते चौदा दिवस रोज तास-दीड तास ऊब सोसल्यास शरीर बदलते: रक्तातील पातळ भाग वाढतो, घाम लवकर सुटतो, आणि त्या घामातून मीठ कमी जाते. मात्र हे सोसणे बेताचे असावे. अंगाचे आतील तपमान चाळीस अंशांपुढे जाऊन मनुष्य बडबडू लागला तर तो उष्माघात. तेथे विचारविनिमयास वेळ नसतो, आधी गार पाण्यात बुडवून अंग थंड करावे व मग इस्पितळाची वाट धरावी.

तयारीस सुमारे सहा महिने लागतात, आणि त्यापूर्वी मॅरेथॉन अंगवळणी पडलेली असावी. ठरावीक वेळात ती पुरी केल्याचा दाखला असल्याशिवाय कॉम्रेड्समध्ये प्रवेशच नाही. नोकरी सांभाळणारा माणूस आठवड्यात चार-पाच दिवस धावतो व रविवारी लांब पल्ला घेतो. धुळ्याहून आग्रा रस्त्याने दक्षिणेस निघाले की दहाएक किलोमीटरांवर लळिंग येते. किल्ल्याच्या पायथ्याचा तो घाट चढून उतरून परत यावे, म्हणजे चढापेक्षा उतार अधिक दुखवितो हा धडा फुकट मिळतो. चढताना दम लागतो. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच अंगाचा भार अडवितात, आणि त्यांचे तंतू फाटतात. पीटरमारित्झबर्ग समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंच आहे. एका वर्षी शर्यत तिकडे चढते, एका वर्षी दर्बानकडे उतरते. आणि उताराचे वर्ष सोपे असेल अशा समजुतीने गेलेले लोक परत येऊन काही वेगळेच सांगतात.

या तयारीत घरच्यांचा वाटाही असतो. रविवारची दुपार झोपेत जाते, शनिवारची लग्नकार्ये लवकर सोडावी लागतात, नाना तऱ्हेचे खाणे डब्यातून सोबत न्यावे लागते. घरचे लोक नाराज राहिले तर सहा महिने निभत नाहीत, म्हणून हौस बाळगणाऱ्याने पाय कसण्यापूर्वी घरात बोलून घ्यावे हे उत्तम. चाळिशीपुढच्या माणसाने, आणि घरात हृदयविकाराचा इतिहास असल्यास त्याआधीही, डॉक्टरकडून छाती तपासून घ्यावी. यात भित्रेपणा नाही.

बारा तास पुरे होता होता शेवटच्या रेषेवर एक पंच येऊन उभा राहतो. धावणाऱ्यांकडे तो पाठ करतो, म्हणजे कोण येत आहे हे त्यास दिसू नये, आणि घटका भरताच बंदूक उडवितो. जो एक पाऊल मागे असेल त्याचे नव्वद किलोमीटर नोंदीत येत नाहीत. अखेरच्या तासात पोहोचणाऱ्यांस मिळणारे पदक क्लॅपहॅमच्या नावाचे असून आकाराने लहानसेच, नाण्याएवढे, असते. ते गळ्यात घालून घरी आलेला धावपटू दुसऱ्या दिवशी माडीवरून खाली यावयाचे झाल्यास कठडा धरून, जिन्याकडे तोंड करून, उलटा उतरताना दिसतो. मांड्या तेवढेच कबूल करतात. लघवीचा रंग चहासारखा गडद दिसू लागला, तर मात्र हसण्यावारी न नेता त्याच दिवशी डॉक्टरास दाखवावे. एरवी चार-पाच दिवसांत जिना पुन्हा सरळ उतरता येतो.