आषाढ-श्रावणातील विषाद : वर्षाऋतुचर्या व सत्त्वावजय

काळोख्या ऋतूत मन उल्हसित कसे ठेवावे, हा विषय पाश्चात्त्य वैद्यकात प्रामुख्याने हिवाळ्याच्या संदर्भात चर्चिला जातो. अमेरिकेतील नॉर्मन रोझेन्थाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये 'सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर' या ऋतुजन्य मनोवस्थेचे वर्णन प्रसिद्ध केले. ऐन हिवाळ्यात लंडनमध्ये दिवस आठ तासांहूनही लहान असतो; त्याहून उत्तरेकडे तो आणखी आखडतो. अशा प्रदेशात सूर्यप्रकाशाचा अभाव आणि खिन्नता यांचा संबंध लक्षात यावा हे स्वाभाविकच होय.

शहापूर व मुरबाड तालुक्यांत मात्र हा विचार जसाच्या तसा लागू करता येत नाही. आपल्या अक्षांशावर डिसेंबरमधील सर्वांत लहान दिवसही सुमारे ११ तासांचा असतो आणि आकाश निरभ्र असते. भात घरात आलेले असते, अग्नी प्रदीप्त असतो, पौष पौर्णिमेला म्हसे येथील यात्रा भरते. हेमंत-शिशिरात शरीरबल उत्तम असते, हे शास्त्रवचन येथे डोळ्यांनी पाहावयास मिळते. आपल्याकडील काळोखाचे महिने निराळे आहेत. ते आषाढ आणि श्रावण.

जूनअखेरीस पंचांगाप्रमाणे दिवस सव्वातेरा तासांचा असतो; परंतु माहुलीपासून माळशेज घाटापर्यंतचा डोंगर दिवसेंदिवस ढगांत बुडालेला असतो. दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस जेमतेम चार महिन्यांत कोसळतो. ओढे भरले की पाडे तुटतात, वीज जाते, चूल ओल्या लाकडांनी धुमसते. या काळात बाह्यरुग्ण विभागात येणारे अनेक रुग्ण 'मन लागत नाही', 'अंगातला जीव गेल्यासारखे वाटते', 'रात्र रात्र डोळा लागत नाही' अशा तक्रारी सांगतात. 'मी दुःखी आहे' असे क्वचितच कोणी म्हणतो. प्रस्तुत लेखात या अवस्थेचा शास्त्रीय व व्यावहारिक विचार करावयाचा आहे.

शास्त्राधार

अमरकोशात 'दुर्दिन' या शब्दाचा अर्थ मेघाच्छादित दिवस असा आहे. मराठीत तोच शब्द विपत्काळासाठी रूढ झाला, ही बाब सूचक आहे. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या विसाव्या अध्यायात वाताचे ८० नानात्मज विकार सांगितले. त्यांत विषाद, अस्वप्न आणि अनवस्थितचित्तत्व यांची गणना आहे. पंचविसाव्या अध्यायातील अग्र्यसंग्रहात रोग वाढविणाऱ्या भावांमध्ये विषादाला अग्रस्थान दिले आहे, तर प्रीणन करणाऱ्या भावांमध्ये हर्षाला. म्हणजे विषाद हा केवळ स्वभावदोष नसून तो चिकित्सेचा विषय आहे आणि इतर व्याधींच्या चिकित्सेतही तो आड येतो.

संप्राप्ती

ग्रीष्मात संचित झालेला वात वर्षाऋतूत प्रकुपित होतो. आदानकालाने दुर्बल झालेला अग्नी सजल शीत वारा, भूमीतून निघणारी वाफ आणि अम्लविपाकी गढूळ पाणी यांमुळे अधिकच मंद होतो. मंदाग्नीमुळे आहाररस नीट बनत नाही, धातूंचे पोषण खुंटते आणि प्रकुपित वात मनाला अस्थिर करतो. यात आधुनिक निरीक्षणाची भर घालता येते. स्वच्छ उन्हात भरदुपारी प्रकाशाची तीव्रता सुमारे एक लाख लक्स असते. ढगाळ दिवशी उघड्यावर ती साधारण एक हजार ते दहा हजारांपर्यंत उतरते. आणि लहान खिडकीच्या, कुडाच्या घरात ती अनेकदा शंभराच्या आतच राहते. झोप-जागेचे अंतर्गत घड्याळ सकाळच्या प्रकाशावर चालते. ते विस्कटले की झोप, भूक व उत्साह ही तिन्ही बिघडतात.

तिसरे कारण सामाजिक आहे आणि ते टाळून चालणार नाही. कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवरून पावसाच्या तोंडावर परततात. लावणीच्या दिवसांत हाताला काम असते. कंबर मोडते, पण माणूस एकटा नसतो. लावणी आटोपली की कापणीपर्यंत मजुरी तुटपुंजी होते आणि कणगीतला तांदूळ तळाला जातो. पावसाळ्यातील याच उपासमारीसाठी शासनाला आदिवासी कुटुंबांकरिता खावटी कर्जाची योजना आखावी लागली आणि २०२० मध्ये प्रत्येक पात्र कुटुंबास ४००० रुपयांचे खावटी अनुदान मंजूर करावे लागले. ज्याच्या घरी दोन वेळची चूल पेटत नाही, त्याच्या विषादाचे मूळ केवळ ऋतूत शोधणे योग्य नव्हे.

दोन प्रकार ओळखावेत

व्यवहारात या रुग्णांचे दोन गट पडतात. पहिल्यात वाताचे प्राधान्य असते : अस्वप्न, अंगमर्द, छातीत धडधड, अरुची, मलावष्टंभ, विनाकारण भीती. दुसऱ्यात कफ व तमोगुण यांचे प्राधान्य दिसते : अतिनिद्रा, अंगाचे जडत्व, तंद्रा, गोड खाण्याची इच्छा, काम पुढे ढकलणे. पहिल्यास स्नेहन, उष्णोपचार व विश्रांती मानवते; दुसऱ्यास तेच अधिक दिल्यास जडत्व वाढते. त्याला दीपन, लघु आहार व हालचाल हवी. वर्षाऋतूत दिवास्वाप वर्ज्य सांगितला आहे, त्याचे महत्त्व या दुसऱ्या गटात विशेषत्वाने प्रत्ययास येते.

निदान करण्यापूर्वी पांडू, थायरॉईडचे विकार, हिवताप वा अन्य ज्वरानंतरचे दौर्बल्य, प्रसूतीनंतरचा काळ आणि मद्यपान यांची चौकशी अवश्य करावी. हिमोग्लोबिनची साधी तपासणी अनेकदा पुष्कळ उलगडा करते.

आहार

जुना तांदूळ, मुगाचे किंवा कुळथाचे कढण, नाचणीची गरम पेज, आले-लसूण, सुंठ, उकळलेले पाणी ही वर्षाऋतुचर्येची सूत्रे येथील स्वयंपाकघरात सहज बसतात. अत्यंत ढगाळ दिवशी अम्ल, लवण व स्निग्ध अन्न सांगितले आहे. आमसुलाचे सार व त्यावर चमचाभर तूप एवढ्याने ते साधते. पावसाळ्यात गरिबाघरी सुकी मासळी हेच बहुधा कोरड्यास असते. ती सरसकट बंद न करता अग्नी पाहून, आमसूल व लसूण घालून, बेताने घेण्यास सांगावे. टाकळा, कुर्डू, भारंगी यांसारख्या रानभाज्या नीट शिजवून, फोडणी देऊन घ्याव्यात.

श्रावणातील एकभुक्त राहणे मंदाग्नीला अनुकूलच आहे. परंतु साबुदाणा व शेंगदाण्याने भरलेला उपवास हा लंघन नसून गुरू आहार ठरतो. त्याऐवजी आपल्याच डोंगरउतारावर पिकणारी वरई तुपासह घ्यावी. अशक्त, गर्भिणी, सूतिका आणि आधीच अर्धपोटी असलेले यांनी उपवास करू नये, हे वैद्याने स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे.

विहार

पाश्चात्त्य देशांत या विकारावर रोज सकाळी अर्धा तास १०,००० लक्सच्या दिव्यासमोर बसवितात. आपल्याला असा दिवा नको. ढगाळ सकाळीसुद्धा पडवीत किंवा अंगणात घरातल्यापेक्षा कित्येक पटींनी अधिक प्रकाश असतो. म्हणून उठल्यावर तासाभराच्या आत निदान अर्धा तास पडवीत बसून करता येण्याजोगे काम करावे : तांदूळ निवडणे, इरले-टोपली विणणे, मुलांचा अभ्यास. पाऊस उघडताच बाहेर पडावे. झोपण्याची व उठण्याची वेळ एकच ठेवावी. तीळतेलाने अभ्यंग, निदान पादाभ्यंग, व कोमट पाण्याने स्नान करावे. ओले कपडे अंगावर वाळवू नयेत.

औषधी चिकित्सा

प्रथम दीपन-पाचन, त्यासाठी सुंठ, हिंग्वाष्टक चूर्ण इत्यादी. अग्नी सुधारल्यावरच ब्राह्मी घृत किंवा कल्याणक घृत यांचा विचार करावा. मंदाग्नीत घृत दिल्यास अरुची व जडत्व वाढते. वाताधिक्यात अश्वगंधा, जटामांसी. कफाधिक्यात मंडूकपर्णी, शंखपुष्पी. वर्षाऋतू हा बस्तीचा काळ असल्याने तीळतेलाची मात्राबस्ती अस्वप्न व अंगमर्दात उपयुक्त ठरते. अणुतैलाच्या नस्यासाठी मात्र आकाश निरभ्र असावे असा शास्त्रसंकेत आहे. थायरॉईडची किंवा झोपेची आधुनिक औषधे चालू असलेल्यांना अश्वगंधा देताना सावध राहावे. मानसोपचारतज्ज्ञांनी सुरू केलेली औषधे आपल्या सांगण्यावरून कदापि बंद होता कामा नयेत.

सत्त्वावजय आणि लोकाचार

अहितकर विषयांपासून मनाचा निग्रह म्हणजे सत्त्वावजय. ज्ञान, विज्ञान, धैर्य, स्मृती व समाधी ही त्याची साधने. ही साधने आपल्या पूर्वजांनी ऋतूच्या दिनक्रमात गुंफून ठेवली, असे चातुर्मासाकडे पाहिल्यावर वाटते. आषाढ अमावास्येला घरातील दिवे घासून, उजळून त्यांची पूजा होते. श्रावणात संध्याकाळी एका घरी 'हरिविजय' किंवा 'पांडवप्रताप' वाचला जातो व शेजारपाजार ऐकावयास जमतो. नागपंचमीचे झोके, गोकुळाष्टमी, मग गौरी-गणपतीतील नाच. काळोख जितका दाट, तितके एकत्र येण्याचे प्रसंग अधिक. रुग्णाला 'आनंदी राहा' असा उपदेश करण्याऐवजी 'उद्या भजनाला जा आणि परवा मला येऊन सांग' असे सांगणे अधिक फलदायी ठरते. काम ठरलेले असावे, लहान असावे आणि त्याची विचारपूस व्हावी.

याच दीप-अमावास्येला 'गटारी' हे रूप आले आहे, याकडे दुर्लक्ष करता येत नाही. वर्षाऋतूत दीपनार्थ अल्प प्रमाणात आसव-अरिष्टांचा निर्देश आहे. त्याचा आधार दारूला देणे ही शास्त्राची विटंबना होय. दारू रात्रीपुरता विषाद झाकते, झोप मोडते आणि सकाळी तो दुणावून परत करते.

मर्यादा कोठे ओळखावी

खिन्नता, निरुत्साह, निद्रा व भूक यांतील बिघाड दोन आठवड्यांहून अधिक टिकला आणि नित्याचे काम अडू लागले, तर तो केवळ ऋतूचा परिणाम समजू नये. अन्नत्याग, भास, प्रसूतीनंतरची तीव्र खिन्नता, पूर्वी केलेला जीव देण्याचा प्रयत्न, किंवा 'आता जगून काय करायचे' असे उद्गार आढळल्यास त्याच दिवशी पुढे पाठवावे. 'जीव द्यावासा वाटतो का?' हा प्रश्न विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही; उलट रुग्णाचे ओझे हलके होते. हा प्रश्न सौम्यपणे, पण थेट विचारावा. होकार आल्यास रुग्णाला एकटे सोडू नये व घरातील कीटकनाशक, उंदराचे औषध नातेवाइकांकडून दूर करवावे.

शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय व ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय ही आपल्या जिल्ह्यातील शासकीय केंद्रे होत. पूर आल्याने रस्ता बंद असला, तरी ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर अहोरात्र, मराठीतूनही, बोलता येते. हा क्रमांक प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर असावा. पाड्यावरील भगताकडे रुग्ण आधी जातो हे वास्तव आहे. त्याची अवहेलना न करता 'असा माणूस आला तर माझ्याकडेही पाठव' एवढे सांगून ठेवल्यास अनेकांचा वेळ वाचतो.

लावणी संपून कापणी सुरू होईपर्यंतचे सहा-आठ आठवडे हा आपल्या तालुक्यांतील कसोटीचा काळ आहे. या काळात पोटदुखी, अंगदुखी किंवा अशक्तपणा घेऊन आलेल्या प्रत्येक रुग्णाला झोपेविषयी, घरातील धान्याविषयी आणि मनाविषयी एकेक प्रश्न विचारण्याचा परिपाठ प्रत्येक वैद्याने ठेवावा. नाडी हाती असतानाच हे तीन प्रश्न विचारून होतात. आणि ज्याला पावसाळाभर कोणी काही विचारलेले नसते, त्याच्यासाठी चिकित्सेचा आरंभ तेथेच होतो.