स्वल्प प्रवाहाचें मोजमाप
शुद्ध पाण्याच्या चाचणीसाठीं प्रवाहमापक कोणता घ्यावा?

ठिबक सिंचनानें पिकास थेंबाथेंबानें पाणी देणें ही गोष्ट आतां आपल्या बागाइतदारांस नवीन राहिलेली नाहीं. परंतु हे थेंब बिनचूक मोजण्याकडे जितकें लक्ष जावें तितकें जात नाहीं. शेतकरी संघ सभासदांकरितां ड्रिपर व नळ्या एकदम हजारोंनीं खरेदी करतो. अशा वेळीं नमुन्याची चाचणी अगोदर घेणें हें शहाणपणाचें होय. विहिरीच्या पाण्यांतील क्षार व गाळ यांनीं चाचणींत घोटाळा होऊं नये म्हणून ती गाळून निःक्षार केलेल्या पाण्यावर घ्यावी. मात्र मापक चुकीचा निवडल्यास वाईट माल पसंत होतो आणि त्याचें नुकसान पुढें पिकास भोगावें लागतें.

प्रथम प्रवाह किती, हें ठरवावें. ताशीं ४ लिटरच्या १० ड्रिपरांची एक नळी धरल्यास एकंदर प्रवाह ताशीं ४० लिटर, म्हणजे मिनिटास सुमारें ६६७ मिलिलिटर होतो. घरगुती नळावरील १५ मिलिमीटरचा मीटर स्वस्त मिळतो. परंतु ज्याचा स्थायी प्रवाह ताशीं २५०० लिटर व व्याप्तिप्रमाण ८० आहे, अशा मीटरची खालची मर्यादा ताशीं ३१.२५ लिटर असते. शिवाय ताशीं ५० लिटरपर्यंत त्यास शेंकडा ५ ची चूक माफ असते. आपला प्रवाह नेमका या कमकुवत टप्प्यांत पडतो. एकटा ड्रिपर तपासावयाचा झाल्यास तर हा मीटर निरुपयोगीच समजावा.

दुसरें साधन रोटामीटर. उभ्या कांचनळींतील तरंगता लहान ठोकळा प्रवाहाप्रमाणें वर चढतो. वीज लागत नाहीं व वाचन डोळ्यांस दिसतें. येथें एक गोष्ट मात्र ध्यानांत ठेवावी. रोटामीटरची चूक बहुधा पूर्ण मापाच्या शेंकड्यांत सांगितलेली असते. ताशीं १०० लिटरचा, शेंकडा ४ चुकीचा रोटामीटर घेतल्यास ती चूक कोणत्याही वाचनांत ४ लिटरपर्यंत असूं शकते. आतां दहांपैकीं एक ड्रिपर पूर्ण तुंबला तरी प्रवाह ४ लिटरनेंच घटतो. म्हणजे तुंबलेला ड्रिपर त्या मापकाच्या चुकींत खुशाल दडून राहील! उलट ताशीं ६० लिटरचा, शेंकडा २ चुकीचा घेतल्यास चूक १.२ लिटरच्या आंत राहते व दोष उघड होतो. ३३ फुटांची साखळी शेताच्या हद्दीस योग्य. तिनें गादीवाफ्यांतील दोन रोपांमधील अंतर मोजूं लागल्यास मोजणी चुकणारच. नेहमींचा प्रवाह पूर्ण मापाच्या निम्म्याहून अधिक पडेल असाच मापक घ्यावा.

शुद्ध पाण्याचा स्वभावही विचारांत घेतला पाहिजे. विद्युच्चुंबकीय मीटर कालव्याच्या वा विहिरीच्या पाण्यास उत्तम. पण त्यास पाण्याची विद्युद्वाहकता लागते. ती सेंटिमीटरास सुमारें ५ मायक्रोसीमेन्सहून कमी झाली कीं बहुतेक असे मीटर भरंवशाचे राहत नाहींत, आणि पूर्ण निःक्षार पाण्याची वाहकता १ हूनही कमी असूं शकते. तसेंच असें पाणी हवेंतील कर्बवायु शोषून किंचित् आम्ल होतें व पितळ, लोखंड यांस खातें. म्हणून पाण्यास लागणारे भाग स्टेनलेस पोलादाचे अगर योग्य प्लॅस्टिकचे असावेत. टर्बाइन मीटरचें चक्र मंद प्रवाहांत घर्षणामुळें अडखळतें. लहान नळीचा अल्ट्रासॉनिक मीटर व वस्तुमान मोजणारा कोरिओलिस मीटर यांस वाहकतेची गरज नाहीं. मात्र कोरिओलिसची किंमत भारी असल्यानें तो साध्या चाचणीस परवडत नाहीं.

कोणताही मापक घेतला तरी त्याची पडताळणी तराजूनें करावी. नळींतील हवेचे बुडबुडे काढून, दाब स्थिर झाल्यावर, बरोबर १० मिनिटें पाणी स्वच्छ भांड्यांत धरावें व वजन करावें. ताशीं ४० लिटरच्या प्रवाहास ३० अंश सेंटिग्रेडला तें सुमारें ६.६४ किलोग्रॅम भरलें पाहिजे. वेळेंत अर्ध्या सेकंदाची चूक झाली तरी ती हजारीं एकाहून कमीच. असें तीनदां करून सरासरी काढावी. एकट्या ड्रिपरसाठीं तर तराजू व घड्याळ हींच सर्वांत खात्रीचीं साधनें होत.

खरेदीपूर्वीं दुकानदाराकडून चार गोष्टी लेखी घ्याव्या: किमान प्रवाह किती; चूक वाचनाच्या शेंकड्यांत कीं पूर्ण मापाच्या; निःक्षार पाण्यावर चालतो काय; आणि पाण्यास लागणारे भाग कशाचे. हीं उत्तरें मिळाल्याविना पैसे मोजूं नयेत. मापक स्वस्त कीं महाग, हा विचार त्यानंतरचा.