लॉग, घड्याळ आणि न्यायालय

इंटरनेटशी जोडलेला प्रत्येक राउटर, फायरवॉल आणि सर्व्हर आपल्या कामाची नोंद ठेवत असतो: कुठल्या आयपी पत्त्यावरून विचारणा आली, किती वाजता आली, परवानगी मिळाली की नाही. या नोंदींना लॉग म्हणतात. बिघाड शोधताना त्या लागतातच. पण गुन्हा घडला की त्यांचा पुरावा होतो आणि मग वेळ अंदाजाने लिहिलेली चालत नाही.

२००७मध्ये पुण्याच्या पोलिसांनी ऑर्कुट या तेव्हाच्या समाजमाध्यमावरील आक्षेपार्ह मजकुराच्या तपासात बंगळुरूच्या एका संगणक अभियंत्याला अटक केली. मजकूर टाकला गेला त्या वेळी संबंधित आयपी पत्ता कोणत्या ग्राहकाकडे होता, याविषयी इंटरनेट कंपनीकडून आलेली माहितीच चुकीची निघाली. तोवर त्याचे सुमारे ५० दिवस तुरुंगात गेले होते. एकच पत्ता आज याच्याकडे, उद्या त्याच्याकडे जातो. आता तर एकाच पत्त्याआड एका वेळी अनेक ग्राहक असतात, म्हणून पत्त्याच्या जोडीला पोर्ट क्रमांक आणि अचूक वेळ नसेल तर माणूस ओळखताच येत नाही.

संगणकातले क्वार्ट्झ घड्याळ दहा लाखांत २० भागांनी चुकले, तरी दिवसाला पावणेदोन सेकंदांचा आणि वर्षाला दहा मिनिटांचा फरक पडतो. तो दूर करण्याचे काम डेव्हिड मिल्स यांनी विकसित केलेली एनटीपी पद्धत १९८५पासून करते आहे. संगणक वेळेच्या सर्व्हरला निरोप पाठवतो. निरोप निघाल्याची, पोहोचल्याची, उत्तर निघाल्याची आणि ते परत आल्याची अशा चार वेळांवरून प्रवासाला लागलेला काळ आणि घड्याळातली चूक, दोन्ही काढता येतात. मेख एकच: जाण्या-येण्याला सारखाच वेळ लागतो, असे यात गृहीत धरलेले असते. ‘सर्ट-इन’ या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार संस्थांनी आपली घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र किंवा दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा यांच्या वेळेशी जुळवायची, १८० दिवसांचे लॉग सांभाळायचे आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते.

घड्याळ बरोबर असले तरी वेळ कुठली, हा प्रश्न उरतोच. जुन्या सिसलॉग पद्धतीच्या नोंदीत महिना, तारीख आणि तास-मिनिटे-सेकंद असत. वर्षही नाही आणि वेळेचा पट्टाही नाही. ओमानच्या सहममधील शाखेत दुपारचे दीड वाजलेले असतात तेव्हा मुंबईच्या मुख्यालयात तीन. दोन्हीकडचे लॉग असेच एकत्र केले, तर आधीची घटना नंतर आणि नंतरची आधी दिसू लागते. म्हणून नोंद जागतिक प्रमाणवेळेत करावी, नाहीतर तिच्यापुढे +०४:०० किंवा +०५:३० असे स्पष्ट लिहावे.

घुसखोर आत शिरला की आपल्या खुणा पुसायला लॉगवरच हात मारतो. त्यामुळे नोंद होताच ती वेगळ्या सर्व्हरवर गेली पाहिजे, तीही कूटबद्ध मार्गाने. जुना सिसलॉग यूडीपीने जातो; वाटेत निरोप हरवला तर पाठवणाऱ्याला पत्ताही लागत नाही. पोहोचलेल्या नोंदींचा एसएचए-२५६ पद्धतीने हॅश काढतात. हा ६४ अक्षर-अंकांचा ठसा स्वल्पविराम बदलला तरी पार बदलतो. प्रत्येक हॅशमध्ये मागचा हॅश मिसळला की मधली एक ओळ गुपचूप काढणे अवघड होते. पण अख्खी साखळी नव्याने रचण्यापासून मालकाला कोण अडवणार? त्यासाठी हॅश बाहेरच्या संस्थेकडून वेळेसह स्वाक्षरीत करून घेतात. स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टोर्नेटा यांनी १९९१मध्ये अशा कालमुद्रेची पद्धत मांडली. पुढे असे हॅश ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या छोट्या जाहिरातींत छापले जाऊ लागले. छापलेला अंक मागाहून कोण बदलणार! अर्थात मुळातच खोटी लिहिलेली नोंद यातून खरी ठरत नाही.

१ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्रात हॅशही द्यावा लागतो. प्रमाणपत्राचा आग्रह मात्र जुना आहे. जालना विधानसभा मतदारसंघात २०१४मध्ये उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत भरले की नंतर, हा वाद कॅमेऱ्याच्या चित्रणावर येऊन ठेपला होता. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२०मध्ये प्रमाणपत्र आवश्यक ठरवले आणि तपासाशी संबंधित कालावधीच्या नोंदी मोबाइल व इंटरनेट कंपन्यांनी वेगळ्या काढून सुरक्षित ठेवाव्यात, असा निर्देशही दिला.